न पाठवलेलं फील्ड: कार्ड बदलणाऱ्या एका टूलच्या वर्णनाचं प्रकरण

सकाळी टीमच्या ग्रुपवर एकच ओळ आली: "अगं, माझ्या कार्डांवरची लेबलं कुठे गेली?" विचारणारी आमच्याकडे रिलीजचं नियोजन सांभाळते. तिच्या टास्क बोर्डवर १४ कार्डांना 'अडकलेलं' हे लाल लेबल लागलेलं दिसत होतं आणि त्या चौदाही कार्डांवर तेवढं एकच लेबल उरलं होतं. 'सुरक्षा', 'ग्राहकाला कळवायचं', 'पुढच्या रिलीजमध्ये' असं जे जे कुणी वेळोवेळी लावलं होतं, ते सगळं पुसलं गेलं होतं.

आदल्या संध्याकाळी तिने एआय एजंटला साधं काम सांगितलं होतं. दुसऱ्या टीमच्या उत्तरासाठी थांबलेली कार्डं शोध आणि त्यांना 'अडकलेलं' लेबल लाव. एजंटने कार्डं बरोबर शोधली, लेबलही बरोबर लावलं. शेवटी तिला कळवलं, "१४ कार्डांना लेबल लावलं आहे. बाकी काही बदललेलं नाही." दुसरं वाक्य चुकीचं होतं आणि ते चुकीचं आहे हे एजंटला कळायला काही मार्गच नव्हता.

एजंट कार्ड बदलायला जे टूल वापरतो, त्याचं वर्णन मी लिहिलं होतं. त्यामुळे प्रकरण माझ्याकडे आलं. पुढचे काही आठवडे त्या एका टूलवर गेले. त्यात काय काय निघालं ते सविस्तर लिहितेय, कारण आपापल्या बोर्डला एजंट जोडणारे बरेच जण आता याच वाटेने चालले आहेत.

टूल कसं होतं

एजंटच्या मुळाशी असलेल्या भाषा-मॉडेलला बोर्ड दिसत नाही. त्याला दिसतं ते टूलचं नाव, दोन-चार वाक्यांचं वर्णन आणि कोणतं फील्ड, म्हणजे माहितीचा रकाना, कोणत्या प्रकारचं याचा स्कीमा. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, जाहीर केला. त्यातही हेच आहे: सर्व्हर आपल्याकडची टूल्स नाव, वर्णन आणि जेसन (माहिती मजकुरात मांडायची एक ठरलेली पद्धत) स्कीमा देऊन सांगतो आणि मॉडेल तेवढ्यावरून कोणतं टूल कसं वापरायचं ते ठरवतं.

आमच्या टूलचं नाव 'अपडेट_कार्ड'. वर्णन: "कार्डमधली फील्ड्स अपडेट करते." फील्ड्स सात: कार्ड_आयडी, शीर्षक, वर्णन, कॉलम, मुदत, जबाबदार, लेबलं. लेबलांपुढे मी लिहिलं होतं, "कार्डवरची लेबलं." ही सगळी वाक्यं मी डेव्हलपरांसाठीच्या एपीआयच्या (एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलायची ठरलेली वाट) कागदपत्रांतून उचलली होती. तिथे ती वर्षानुवर्षं चालली होती, म्हणून इथेही चालतील असं धरून चालले.

लॉग, म्हणजे नोंदी, उघडल्यावर एजंटने काय पाठवलं ते दिसलं: कार्डचा आयडी आणि लेबलं या फील्डमध्ये एकच नाव, 'अडकलेलं'. सर्व्हरने जुनी यादी काढली, ही नवी बसवली. बॅकएंड, म्हणजे सर्व्हरची बाजू, सांभाळणारी सहकारी म्हणाली, "एपीआय नियमाप्रमाणेच वागलंय." तिचं बरोबर होतं. आमचं एपीआय जेसन मर्ज पॅच हे इंटरनेटचं मानक पाळतं, आरएफसी ७३९६, २०१४ चं. त्याचा नियम असा: जे फील्ड पाठवलंच नाही ते जसंच्या तसं राहतं, ज्याची किंमत (व्हॅल्यू) नल, म्हणजे 'काहीच नाही', आहे ते काढून टाकलं जातं आणि यादी आली तर ती जुन्या यादीत मिसळत नाही, पूर्ण यादीच बदलते.

मग इतकी वर्षं कुणाचं लेबल का नाही गेलं? कारण माणूस स्क्रीनवरून काम करतो. स्क्रीनने कार्ड आधीच वाचलेलं असतं. तुम्ही एका लेबलापुढे खूण केलीत की स्क्रीन जुनी पाच आणि नवं एक अशी सहा लेबलं मिळून पाठवते. 'जुनं धरून पाठवायचं' ही समज स्क्रीनच्या कोडमध्ये मुरलेली होती, म्हणून ती कागदावर कधी आलीच नाही. एपीआय थेट वापरणारा डेव्हलपर एकदा ठेचकाळतो आणि जन्मभर लक्षात ठेवतो. आमचा एजंट प्रत्येक संभाषण कोऱ्या पाटीने सुरू करतो. काल लागलेली ठेच त्याला आज आठवत नाही. कुणी लिहून ठेवलं असेल तेवढंच त्याच्या हाती.

पहिली दुरुस्ती आणि ती का पुरली नाही

मी लगेच वाक्य बदललं: "लेबलं: कार्डवरच्या लेबलांची पूर्ण यादी. या यादीत नसलेलं लेबल कार्डवरून निघून जाईल. आधी कार्ड वाचा आणि जुनी लेबलं धरून पूर्ण यादी पाठवा." एजंट तसं करू लागला. आधी वाचायचा, मग सगळी यादी पाठवायचा. मला वाटलं, संपलं.

काही दिवसांनी एका कार्डवरून 'सुरक्षा' हे लेबल पुन्हा गेलं. या वेळी लॉग वाचायला जास्त वेळ लागला. एजंटने कार्ड संभाषणाच्या सुरुवातीला वाचलं होतं. मग वापरकर्ता दुसऱ्याच विषयावर बोलत राहिला, मध्ये मीटिंगला जाऊन आला. तेवढ्यात टेस्टिंग करणाऱ्या सहकाऱ्याने त्या कार्डला 'सुरक्षा' लावलं. परत आल्यावर वापरकर्ता म्हणाला, "आणि हो, त्याला 'तातडीचं' पण लाव." एजंटने संभाषणात वर दिसणारी जुनी यादी घेतली, त्यात एक नाव जोडलं आणि पाठवली. त्याच्या लेखी कार्ड वाचून झालेलंच होतं.

दोघांनी एकाच वेळी लिहिलं की एकाचं हरवतं, हा प्रश्न डेटाबेसवाल्यांना जुना आहे. पण प्रोग्राममध्ये वाचणं आणि लिहिणं यांत क्षणभराचं अंतर असतं. एजंटच्या बाबतीत ते अंतर माणसाच्या मर्जीवर आहे, तासाभराचंही असू शकतं. एचटीटीपीत, म्हणजे वेबवरच्या देवाणघेवाणीच्या नियमांत, याला तोड आहे: वाचताना मिळालेला ईटॅग, म्हणजे त्या आवृत्तीची खूण, लिहिताना इफ-मॅच म्हणून परत पाठवायचा, मधे काही बदललं असेल तर सर्व्हर ४१२ देऊन नकार देतो. आम्हीही प्रत्येक कार्डला व्हर्जन क्रमांक देऊन हे करू शकलो असतो.

लेबलांसाठी मला ते पटलं नाही. "या कार्डवरची लेबलं आता ही सहा असू देत" असं कुणी कधी म्हणत नाही. म्हणतात, "हे लाव", "ते काढ". मग टूलनेही तसंच विचारावं. आम्ही 'लेबलं' हे फील्ड काढून टाकलं आणि त्याजागी 'लेबलं_लावा' आणि 'लेबलं_काढा' अशी दोन ठेवली. माझी इशाऱ्याची तीन वाक्यं त्याबरोबर गेली, कारण इशारा देण्यासारखं काही उरलंच नाही. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. वर्णनात "आधी हे करा, मग ते करा, नाहीतर…" असं लिहायची वेळ आली की मी लिहायची थांबते आणि आधी बॅकएंडच्या सहकारीच्या टेबलापाशी जाते.

नल

या प्रकरणातला सगळ्यात किचकट भाग हा होता आणि बाहेरून तो लेबलांपेक्षा कितीतरी क्षुल्लक दिसतो.

आमच्याकडे एकाच टूलला दोन वेगवेगळ्या कंपन्यांची मॉडेल्स जोडलेली होती. एकाला "या कार्डचं शीर्षक बदल" म्हटलं की शीर्षक बदलायचं. दुसऱ्याला म्हटलं की शीर्षक बदलायचं आणि मुदत पुसली जायची. दर वेळी. आमच्यातल्या काहींचं मत पडलं की दुसरं मॉडेल कच्चं आहे. लॉगने वेगळंच सांगितलं. ते मॉडेल सगळीच फील्ड्स पाठवत होतं: कार्डचा आयडी, शीर्षकात नवा मजकूर, बाकी सगळीकडे नल.

ओपनएआयने ऑगस्ट २०२४ मध्ये टूलच्या स्कीमाला काटेकोर पाळणारी पद्धत आणली. तिच्यात स्कीमातलं प्रत्येक फील्ड अनिवार्य म्हणून नोंदवावं लागतं. एखादं फील्ड ऐच्छिक ठेवायचं असेल तर त्याला नल चालेल असं सांगायचं. म्हणजे तिथे नलचा अर्थ 'याबद्दल मला काही म्हणायचं नाही'. मर्ज पॅचमध्ये नलचा अर्थ 'हे काढून टाक'. एका टोकाला मौन, दुसऱ्या टोकाला हुकूम, आणि मध्ये आमचं टूल नल जसाच्या तसा पुढे ढकलत होतं. मॉडेलची काही चूक नव्हती. स्कीमाने त्याला तेवढाच पर्याय ठेवला होता.

यावर आमच्यात बराच वाद झाला. बॅकएंडच्या सहकारीचं म्हणणं, आरएफसीने ठरवलेला अर्थ आपण का मोडायचा? माझं म्हणणं, मोडायचा नाहीच. प्रोग्रामसाठीचं एपीआय आहे तसं राहू दे. टूल हा त्याच्यावरचा वेगळा थर आहे आणि त्याचा वाचक वेगळा आहे. त्या थरात आम्ही ठरवलं: फील्ड पाठवलं नाही किंवा नल पाठवलं, दोन्हीचा अर्थ एकच, हात लावू नका. रिकामा मजकूर आणि रिकामी यादी मुळीच स्वीकारायची नाही, कारण मॉडेल्स न वापरलेल्या फील्डमध्ये कधीकधी तीही भरून देतात. आणि खरोखर काही पुसायचं असेल तर त्यासाठी 'रिकामं_करा' हे स्वतंत्र फील्ड, ज्यात 'वर्णन', 'मुदत', 'जबाबदार' या तीन शब्दांपैकीच काही देता येतं. आता मुदत पुसायला 'मुदत' हा शब्द लिहावाच लागतो. चुकून ते होत नाही.

एक ओळ वाढव

कार्डच्या वर्णनाची गोष्ट वेगळी होती. आमच्या कार्डांत लांबलचक मजकूर असतो: काम पूर्ण कधी समजायचं त्याच्या अटी, एररचे उतारे, लिंका. वापरकर्ता म्हणतो, "चाचणीच्या पायऱ्यांत एक ओळ वाढव." टूलकडे पूर्ण वर्णन बदलण्याचीच सोय, म्हणून एजंट सगळा मजकूर नव्याने लिहून पाठवायचा.

मॉडेल मजकूर कॉपी करत नाही. शब्दामागून शब्द पुन्हा तयार करतं. बहुतेक वेळा तो हुबेहूब उतरतो. आम्ही जुना आणि नवा मजकूर शेजारी ठेवून पाहिला तेव्हा एका कार्डवर दोन पायऱ्यांची एक झालेली दिसली, दुसऱ्यावर कुणीतरी मुद्दाम तशीच ठेवलेली एररमधली चुकीची स्पेलिंग 'दुरुस्त' झालेली. हा दुसरा प्रकार मला फार लागला. ती चुकीची स्पेलिंगच कोडमध्ये शोधायची होती.

"बाकी मजकूर अक्षरशः तसाच ठेवा" असं मी लिहून पाहिलं. फरक पडला, पण खात्री देता येईना. कोड लिहिणारे एजंट फाइल बदलताना जी पद्धत सर्रास वापरतात ती मग आम्ही घेतली: 'जुना_मजकूर' आणि 'नवा_मजकूर'. जुना मजकूर वर्णनात बरोबर एकदाच सापडला पाहिजे. सापडला नाही तर एरर. दोनदा सापडला तरी एरर, आणि सोबत सूचना की आजूबाजूचे आणखी शब्द द्या. नुसतं शेवटी काही लिहायचं असेल तर 'शेवटी_जोडा'. यातून एक फायदा असा झाला जो आम्ही योजलाही नव्हता. मध्येच दुसऱ्या कुणी तीच ओळ बदलली असेल तर जुना मजकूर सापडत नाही आणि बदल आपोआप थांबतो. व्हर्जन क्रमांकाचं अर्धं काम इथेच झालं.

तारखा आणि कॉलम यांबद्दल थोडक्यात. "शुक्रवारपर्यंत" याचं एजंट जे रूपांतर करायचा त्यात नुसती तारीख असायची आणि सर्व्हर ती यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची, मध्यरात्र धरायचा. पश्चिमेकडच्या टाइमझोनमधल्या माणसाला मुदत गुरुवारची दिसायची, पूर्वेकडच्याला शुक्रवारचं काम सुरू होता होताच मुदत उलटायची. आता नुसती तारीख आली तर बोर्डच्या टाइमझोनप्रमाणे तो दिवस संपेपर्यंत, आणि वेळ दिली तर टाइमझोनचा फरक सोबत हवाच. कॉलम नावाने देता येतो, कारण लांबलचक आयडी उतरवताना मॉडेलकडून एखादं अक्षर इकडचं तिकडे होतं. त्याच नावाचे दोन कॉलम असतील तर टूल दोन्हींचे आयडी दाखवून विचारतं. कार्ड 'झालं' या कॉलममध्ये नेलं की त्यावर लक्ष ठेवणाऱ्या सगळ्यांना मेल जातं. पाठवलेलं मेल परत घेता येत नाही, म्हणून ही गोष्ट वर्णनात लिहिलीच पाहिजे होती आणि इतके दिवस ती लिहिलेली नव्हती.

वर्णनात काय, एररमध्ये काय

एवढं सगळं कळल्यावर ते सगळं वर्णनात घालायचा मोह झाला. पहिला खर्डा दोन पानांचा झाला होता. पण वर्णन प्रत्येक संभाषणात मॉडेलपुढे असतं, टूल वापरलं जावो वा न जावो. त्याचे टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचतं ते) मोजले जातात आणि बाकीच्या टूल्सच्या वर्णनांच्या गर्दीत महत्त्वाचं वाक्य बुडून जातं.

एरर मेसेज मात्र गरज पडेल त्याच क्षणी वाचला जातो. एमसीपीत टूल चालवताना झालेली चूक निकालातच, ही चूक आहे अशी खूण करून, परत देता येते, म्हणजे मॉडेल ती वाचून आपलं पाऊल सुधारू शकतं. आमच्याकडे पूर्वी उत्तर यायचं, "४००: चुकीची विनंती." त्यातून कुणी काय शिकणार? आता येतं: "'अडकलेले' हे लेबल या बोर्डवर नाही. जवळचं नाव: 'अडकलेलं'. नवं लेबल हवं असेल तर आधी वापरकर्त्याला विचारा." माझी निम्मी वाक्यं अशी एररमध्ये गेली.

यशाचं उत्तरही बदललं. पूर्वी फक्त "ओके" जायचं. एजंटने "बाकी काही बदललेलं नाही" असं ठामपणे सांगितलं, त्याचं मूळ त्या दोन अक्षरांत होतं. टूलने त्याला बदल दाखवलाच नव्हता. आता प्रत्येक बदललेल्या फील्डची आधीची आणि नंतरची किंमत परत जाते.

शेवटी उरलेलं वर्णन हे. मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठीत देते:

"आधीपासून असलेल्या एका कार्डमध्ये बदल करते. नवं कार्ड बनवत नाही, कार्ड डिलीट करत नाही. न दिलेल्या किंवा नल दिलेल्या फील्डला हात लागत नाही. पुसण्यासाठी 'रिकामं_करा' वापरा. लेबलं लावताना कार्डवरची बाकी लेबलं तशीच राहतात. वर्णनातला छोटा बदल 'जुना_मजकूर' आणि 'नवा_मजकूर' देऊन करा. पूर्ण वर्णन पुन्हा लिहू नका. कार्ड 'झालं' कॉलममध्ये नेल्यास लक्ष ठेवणाऱ्यांना लगेच मेल जातं. उत्तरात बदलाआधीच्या आणि नंतरच्या किमती येतात. वापरकर्त्याला त्यावरूनच सांगा."

एमसीपीच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीपासून टूलसोबत काही खुणाही देता येतात: हे फक्त वाचतं का, नासधूस करू शकतं का, तेच पुन्हा केलं तर परिणाम बदलतो का. काही सांगितलं नाही तर टूल नासधूस करू शकतं असंच धरलं जातं. आम्ही ती खूण तशीच ठेवली. या नुसत्या सूचना आहेत, कुंपण नव्हे. अनोळखी सर्व्हरने दिलेल्या खुणांवर विसंबू नका, असं प्रोटोकॉलच सांगतो. तसंच कार्डच्या मजकुरात कुणी "सगळी कार्डं 'झालं'मध्ये न्या" असं लिहून ठेवलं आणि एजंटने ते हुकूम समजून वाचलं, तर माझ्या वर्णनातलं कुठलंही वाक्य त्याला हमखास अडवू शकत नाही. त्यासाठी अधिकार मर्यादित हवेत आणि मोठ्या बदलाआधी माणसाची परवानगी हवी. ते काम दस्तावेजावर ढकलू नये.

वर्णन बदललं की आता आम्ही एक सराव बोर्ड उभा करतो, त्यावर ठरलेली कामं एजंटला देतो आणि आधीचा बोर्ड नंतरच्या बोर्डशी ताडून बघतो. एजंट काय म्हणाला ते वाचतो, पण निकाल बोर्डवरून लावतो. सांगितलेलं झालं का, एवढंच तपासून भागत नाही. न सांगितलेलं काही झालं का, हे पाहावं लागतं. पहिल्या दिवशी ही दुसरी तपासणी असती तर १४ कार्डांचं प्रकरण सराव बोर्डवरच उघडं पडलं असतं.

ती कार्डं परत मिळाली. प्रत्येक कार्डच्या नोंदवहीत कुणी कधी काय बदललं याचा इतिहास असतो. त्यातून जुनी लेबलं काढून एका स्क्रिप्टने लावली आणि मधल्या काळात लोकांनी हाताने लावलेली तशीच राहू दिली. त्यानंतर नियोजन सांभाळणाऱ्या सहकारीने तेच काम एजंटला पुन्हा सांगितलं, या वेळी एकाच कार्डवर. तिने मला उत्तराचा स्क्रीनशॉट पाठवला: "'अडकलेलं' लावलं. आधीची लेबलं: 'सुरक्षा', 'पुढच्या रिलीजमध्ये'. आताची: 'सुरक्षा', 'पुढच्या रिलीजमध्ये', 'अडकलेलं'." खाली तिने लिहिलं होतं, "उरलेल्या तेरांवर चालवू का?"

मी म्हटलं, "चालव."